पाते कोणाच्या हाती? जुन्या सेफ्टी रेझरचा महाराष्ट्रातील इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरात इतिहास म्हटला की देवगिरीचा किल्ला, बीबीचा मकबरा, पाणचक्की आणि शहराचे दरवाजे डोळ्यांपुढे उभे राहतात. पण जुन्या घरांच्या माळ्यावर, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आणि भंगारवाल्याच्या तराजूतही एक इतिहास पडून असतो. पितळेचा, मुठीत मावणारा, बहुधा गंजके पाते अडकून राहिलेला दाढीचा सेफ्टी रेझर. हा धागा त्याविषयी. 🧵

२/ असे रेझर हुडकायचे, स्वच्छ करायचे आणि त्यांनी पुन्हा दाढी करायची, असा एक छंद जगभर आहे. आपल्याकडेही तो रुजतो आहे. छंद उत्तमच. पण त्यासोबत सांगितला जाणारा इतिहास अपुरा असतो. कंपनी कोणती, मॉडेल कोणते, साल कोणते, एवढ्यावर तो संपतो.

३/ महाराष्ट्रात या वस्तूचा इतिहास निराळ्या प्रश्नापाशी सुरू होतो. कोणाची दाढी करायची आणि कोणाची नाही, हे ठरवायचे कोणी? हा प्रश्न वगळून जपलेला रेझर म्हणजे मजकूर पुसलेला ताम्रपट. धातू शिल्लक राहतो, साक्ष उरत नाही.

४/ आधी यंत्र समजून घेऊ. उघड्या वस्तऱ्याला हात कसलेला लागतो. त्याला दगडावर धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे आणि मग दुसऱ्याच्या गळ्याशी तो अचूक धरायचा. अठराव्या शतकात फ्रान्समधील झाँ-झाक पेरे या कारागिराने सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन वस्तऱ्याला लाकडी आड सुचवली. पाते तेवढेच बाहेर डोकावेल, जेवढे केसांना पुरे.

५/ १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी अशा रेझरचे पेटंट घेतले. मात्र त्याचे जाड पातेही वरचेवर धारेला लावावे लागे. किंग कॅम्प जिलेट यांची कल्पना वेगळी होती. पाते इतके पातळ आणि स्वस्त असावे की धार लावण्याचा प्रश्नच येऊ नये. पातळ पत्र्याला पोलादी कणखरपणा देण्याचे तंत्र विल्यम निकर्सन यांनी बसवले.

६/ १९०१ साली कंपनी उभी राहिली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९०,००० पार गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख पाती घेतली. युद्धावरून परतलेला माणूस ही सवय घरी घेऊन आला.

७/ आता तेच १९०१ साल, पण साताऱ्यात. तिथे एका मुलाचे केस त्याची मोठी बहीण कापत असे. गावात न्हावी नव्हते, असे नाही. पैसे देण्याची ऐपत नव्हती, असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी स्वतःच हे नोंदवले आहे.

८/ दोन खंडांतील या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण त्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. अमेरिकेत सेफ्टी रेझर विकला गेला तो वेळ आणि पैसा वाचवणारी सोय म्हणून. ज्या समाजात न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचणेच जातीवर अवलंबून होते, तिथे ‘स्वतःची दाढी स्वतः करा’ या वाक्याचा अर्थ सोयीपुरता राहत नाही.

९/ त्याच आठवणींत या शहराजवळचाही एक प्रसंग आहे. १९३४ मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना घेरण्यात आले. हौदाचे पाणी आणि न्हाव्याचा वस्तरा या वरवर क्षुल्लक गोष्टी. अस्पृश्यतेचा रोजचा कारभार मात्र अशाच गोष्टींवर चाले.

१०/ यात न्हाव्याला एकट्याला दोषी धरणे हा अन्याय होईल. बारा बलुतेदारांतील तो एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे. वर्षभर कुणब्यांची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचे. धोकटी त्याची, वस्तरा त्याचा, पण तो कोणावर चालवायचा याचा हुकूम गावाचा. हुकूम मोडला तर बलुते बुडे.

११/ म्हणूनच गावाने कुणाला वाळीत टाकले की पहिला घाव ‘न्हावी बंद, धोबी बंद’ असा पडे. वाढलेली दाढी ही बहिष्काराची चेहऱ्यावर लिहिलेली जाहीर नोटीस होती. ज्याच्यावर हे हत्यार चाले तो अपमानित होई. ज्याच्या हातून ते चाले, तोही गावगाड्यात खालच्याच पायरीवर उभा असे.

१२/ पण नकाराचे हे हत्यार एकदा उलटेही चालले. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या वस्तऱ्याने रूढी पाळली जात होती, तोच वस्तरा खाली ठेवून रूढीला धक्का देण्यात आला.

१३/ या दोन नकारांतला फरक मोलाचा आहे. पहिल्यात गाव न्हाव्याच्या तोंडून बोलत होता. दुसऱ्यात नाभिक स्वतः बोलले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वस्तरा हे नुसते अवजार नव्हते, हे सांगायला एवढा पुरावा पुरे. संत सेना महाराजांनी आपल्याच व्यवसायातील उपमांतून अध्यात्म मांडले, ही परंपरा त्याहून कितीतरी जुनी.

१४/ नकाराचा अनुभव गांधींनीही घेतला होता. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी मशीन विकत घेतले आणि आरशासमोर स्वतःच केस कापले. ते इतके वेडेवाकडे झाले की कचेरीत थट्टा झाली. आत्मकथेत ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही, याची आठवण ते तिथे करून देतात.

१५/ अशा समाजात मुंबई बंदरात उतरलेला सेफ्टी रेझर हळूहळू आत शिरला. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग या शहरावरून गेला आणि निजामी मुलखातील ही सुभ्याची जागा मुंबईच्या बाजारपेठेशी जोडली गेली. शहराची छावणी तर आधीपासूनच हैदराबाद कंटिन्जंटचे ठाणे होती.

१६/ रेझरने पहिली गोष्ट बदलली ती दाढीचे वेळापत्रक. न्हावी येईल त्या दिवशी, पंचांग पाहून, वार टाळून क्षौर करण्याची रीत होती. रेझर मोरीच्या फळीवर आला आणि कचेरीत किंवा शाळेत जाणारा माणूस रोज सकाळी आरशासमोर उभा राहू लागला. शनिवारचा निषेध मोडायला कोणी सभा भरवली नाही. कचेरीच्या घड्याळाने तो परस्पर सैल केला.

१७/ दुसरा बदल अधिक खोल होता. दुसऱ्याच्या हाताची, मर्जीची आणि जातीच्या नियमांची गरज न राहता चेहरा नीटनेटका ठेवता येऊ लागला. गावाने बंद केलेले दार उघडले गेले नाही, पण त्या दारावाचून अडेनासे झाले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या नकार मिळाला, त्याच्यासाठी ही सुटका लहान नव्हती.

१८/ पण इथे सावध राहिले पाहिजे. ‘रेझरने जात मोडली’ असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दाराला वळसा घालता येणे निराळे आणि दार उघडणे निराळे. घरात गुपचूप दाढी करता येते, म्हणून केशकर्तनालयात बसण्याचा हक्क मिळत नाही. यंत्राने पर्याय दिला. हक्काची भाषा दुसरीकडून आली.

१९/ ती आली २९ नोव्हेंबर १९४८ रोजी. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा चालू होती. ‘दुकान’ या शब्दात धोबी आणि न्हावी यांची दुकाने येतात का, असा प्रश्न निघाला. आंबेडकरांनी उत्तर दिले की हा शब्द नुसत्या प्रवेशापुरता नाही. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्कही त्यात आहे.

२०/ बहिणीकडून केस कापून घ्यावे लागलेला मुलगा ४७ वर्षांनी देशाच्या संविधानातील एका शब्दाचा अर्थ केशकर्तनालयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचवत होता. अस्पृश्यता संपवणारे कलमही त्याच दिवशी संमत झाले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने दुकानातील नकार दंडनीय ठरला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा मात्र ३ जुलै २०१७ रोजी अमलात आला. म्हणजे हा प्रश्न संग्रहालयात ठेवण्याइतका जुना झालेला नाही.

२१/ नाभिकांच्या बाजूनेही हा इतिहास लिहायला हवा. रेझरने त्यांचे रोजचे गिऱ्हाईक नेले. बलुते संपले, धोकटी मागे पडली आणि रोख पैशांचे सलून आले. कसबी कामाला मराठी भाषेने काय दिले? ‘बिनपाण्याने हजामत’ हा वाक्प्रचार आणि जातिवाचक टोमणे. सेफ्टी रेझरच्या जाहिरातीत ‘सुरक्षित’ हा शब्द ठळक असे. न्हाव्याचा कसलेला हात असुरक्षित होता, असा त्याचा नकळत अर्थ निघे.

२२/ इतिहासाचा विनोद असा की ते पाते अखेर न्हाव्याकडेच परतले. रोगसंसर्गाच्या भीतीने धार लावायचा जुना वस्तरा सलूनमधून जवळजवळ गेला. आज बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकासमोर कागदात गुंडाळलेले नवे दुधारी ब्लेड काढतात, मधून मोडतात आणि अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत बसवतात. जिलेटचे पाते आणि न्हाव्याचा हात अशी ही तडजोड.

२३/ पातेही देशी झाले. स्वातंत्र्यानंतर मल्होत्रा कुटुंबाच्या उद्योगांनी टोपाझ, पनामा ही नावे घरोघर नेली. ठाण्यातील विद्युत मेटॅलिक्सची सुपरमॅक्स पाती देशाबाहेरही गेली. २०१० मध्ये जिलेटने खास भारतासाठी १५ रुपयांचा ‘गार्ड’ आणला. पेलाभर पाण्यात दाढी उरकणारा माणूस त्यापूर्वी कंपनीच्या आराखड्यात नव्हता. मराठवाड्याला तो कधीच नवखा नव्हता. जुन्या रेझरचे डोके तर पेल्यात दोनदा बुचकळले तरी स्वच्छ होते.

२४/ आता प्रत्यक्ष जतन. असा रेझर हाती आला तर आधी दांडी फिरवून त्याचे तीन भाग सुटे करावेत. वरची टोपी, खालची दातेरी किंवा सरळ पट्टी आणि दांडी. जुने पाते आखूड बाजूंनी धरून काढावे. ते वापरू नये आणि उघडे कचऱ्यातही टाकू नये. जाड कागदात किंवा डबीत बंद करून टाकावे. कचरा वेचणाऱ्या हाताची किंमत या इतिहासाला चांगली ठाऊक आहे.

२५/ मग कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ दातब्रश. खाचांतला पांढरा थर बहुधा साबण आणि जड पाण्याच्या क्षारांचा असतो. तो भिजवून, धीर धरून निघतो. चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी यांचा मोह टाळावा. पितळी तांब्यासाठी ते ठीक आहे. रेझरवरचा निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा मात्र केसाहून पातळ असतो, तो एकदा गेला की गेला. बॅकेलाइटची दांडी उकळत्या पाण्यात कधीच घालू नये.

२६/ काही रेझरांवर काळही लिहिलेला असतो. १९५१ पासूनच्या अमेरिकी जिलेटच्या डोक्याखाली एक अक्षर आणि एक आकडा दिसतो. अक्षर सालाचे, आकडा तिमाहीचा. आणि आजचे दुधारी पाते शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेटमध्येही बसते. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेल्या ब्लेडने पणजोबांच्या रेझरची दाढी होते. सुमारे ३० अंशांचा कोन, दाब शून्य, आधी केसांच्या दिशेने आणि शेवटी तुरटी. एवढेच त्याचे शास्त्र.

२७/ मतभेद उरतो तो नव्या मुलाम्याचा. अनेक संग्राहक जुना थर उतरवून रेझर आरशासारखा चकचकीत करून घेतात. वस्तू त्यांची असल्याने तो त्यांचा अधिकार आहे. पण दांडीवर अंगठ्याच्या जागी झिजलेला मुलामा हा दोष नाही. एका माणसाने हजारो सकाळी त्याच जागी बोट टेकवल्याची ती नोंद आहे. जुनी पोथी कोणी नव्या शाईने गिरवत नाही. रेझरलाही तोच न्याय हवा. वापरा, स्वच्छ ठेवा, पण खूण पुसू नका.

२८/ आक्षेप येईल की एवढ्याशा रेझरवर एवढा भार कशाला? पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय याचे उत्तर आहे. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तूंतून तिथे एक अख्खी जीवनपद्धती उभी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रे आणि चिलखते आहेत. लढायांचे पोलाद जपणाऱ्या शहराने रोजच्या जगण्याचे पोलादही जपावे.

२९/ त्यासाठी इमारत लागत नाही, वही पुरते. रेझर मिळाला की चार प्रश्न विचारावेत. तो कोणाचा होता? कधी, कुठून घेतला? त्याआधी घरातल्यांची दाढी कोण करत असे? कोणी करायला नकार दिला होता का? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड आहे आणि म्हणूनच तो सर्वांत मोलाचा. उत्तराशिवायचा रेझर लाखांत एक, उत्तरासह तो एकमेव.

३०/ हे विचारायची वेळ थोडी उरली आहे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनात पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तिथे शिकलेली पहिली पिढी आज नव्वदीच्या घरात आहे. गावातून पत्र्याची पेटी घेऊन निघताना त्या पेटीत काय होते? बलुत्यावर वस्तरा चालवलेल्या शेवटच्या नाभिकांच्या धोकट्या कुठे गेल्या? ही उत्तरे कोणत्याही पेटंटात सापडणार नाहीत.

३१/ जिलेटचे चरित्र अमेरिकेने लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या त्या बहिणीच्या हातातल्या कात्रीचे, १८९० साली खाली ठेवलेल्या वस्तऱ्यांचे आणि मोरीच्या फळीवर पहिल्यांदा दिसलेल्या रेझरचे चरित्र महाराष्ट्रालाच लिहावे लागेल. भंगारात पितळ किलोने जाते. त्याआधी त्या पितळेला एकदा विचारून घ्यावे की ते कोणाच्या हाती होते.

(समाप्त) #इतिहास #मराठी